दारातलं माप

नेस्टलरमास्तरांच्या हाताखालून आमचं निम्मं गाव गेलं, आणि त्या निम्म्या गावाने त्यांच्या बायकोच्या गालावरचा उजेड मोजलेला आहे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आमच्याकडे जरा संशयाने बघतो. बघू दे. पूर्व जर्मनीतल्या एर्त्सगबिर्गच्या डोंगरात हिवाळा लांबलचक असतो आणि त्यात माणसं कसलं ना कसलं खूळ डोक्यात घेतात. शेजारच्या गावाने पितळी वाद्यांचं पथक काढलं, खालच्या गावाने बुद्धिबळ. आमच्याकडे फोटो मंडळ होतं.

मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या तोंडावर उजेड कुठून येतोय ते बघायचे. शनिवारी दुपारी आगीच्या बंबखान्याच्या वरच्या खोलीत मंडळ भरायचं. मी पहिल्या तुकडीतली. टपाल कचेरीच्या खिडकीवर नुकतीच नोकरीला लागले होते, लग्न झालं नव्हतं, आणि शनिवार कसा घालवायचा हा प्रश्नच होता. पुढे त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली ती अजून आहे. म्हणून हे सांगायचा अधिकार माझा, असं मी धरून चालते.

खोलीत लांब टेबलावर तीन कॅमेरे मांडलेले असत. एकातही फिल्म नसे. मास्तरांनी त्यांना नावं दिली होती: आजोबा, बाईसाहेब आणि पोपट.

आजोबांच्या कपाळावर मधाच्या पोळ्यासारखी काचेची पट्टी होती. तिच्यावर उजेड पडला की वरची सुई हलायची. बॅटरी नको, काही नको. सुई जो आकडा दाखवेल तो वाचायचा आणि भिंगाचं तोंड किती उघडायचं, झडप किती वेगाने पाडायची ते आपल्या हाताने लावायचं. आजोबांना अंधारात दिसत नसे, आणि वय झाल्यामुळे उजेडातही बेताचंच दिसे. बाईसाहेबांची सुई आत, दृश्याच्या कडेला असायची. पण बाजूची कळ दाबून भिंगाचं तोंड आवळल्याशिवाय त्या बोलत नसत, आणि आवळलं की समोर सगळं अंधारून यायचं. सुई तिथल्या गोल कड्याच्या मधोमध आणेपर्यंत समोरचा माणूस कुठे गेला ते कळायचं नाही. पोपट सगळ्यांत नवा. भिंग उघडं ठेवूनच बोलायचा, लगेच बोलायचा आणि छातीठोक बोलायचा. बॅटरी उतरली की तितकंच छातीठोक खोटं बोलायचा.

"तिघांचं दुखणं काय?" मास्तर विचारायचे.

"त्यांना सगळं जग राखाडी वाटतं, मास्तर!" आम्ही एका सुरात.

"बर्फ?"

"राखाडी!"

"कोळसा?"

"राखाडी!"

"आणि बर्फाच्या खिडकीसमोर बसलेली फ्रीडलमावशी?"

"काळी ठिक्कर!"

"काळी म्हणा, काहीही म्हणा," खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या फ्रीडलमावशी हातातल्या विणकामावरून मान वर करून म्हणायच्या, "केक मीच आणलाय, हे ध्यानात असू द्या."

फ्रीडलमावशी म्हणजे मास्तरांची बायको. बालवाडीच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. गोल चेहरा, लालबुंद गाल, डोक्यावर घट्ट अंबाडा, आणि हसल्या की एक खांदा वर जायचा. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. दर फेब्रुवारीत, बाहेर चांगला जाड बर्फ साठला की मापांचा धडा व्हायचा, आणि त्या धड्याला मावशी खिडकीत बसायच्या. पाठीमागे पांढरंशुभ्र छप्पर, कुंडीत जिरेनियमचं झाड, पुढ्यात मावशी.

प्रत्येकाने आधी दारात उभं राहायचं. तिथून कॅमेरा मावशींवर धरायचा आणि सुई काय म्हणते ते लिहून घ्यायचं. हे दारातलं माप. मग त्यांच्या इतकं जवळ जायचं की कॅमेऱ्यात फक्त गाल दिसला पाहिजे, आणि पुन्हा माप घ्यायचं. हे गालाजवळचं माप. तिन्ही कॅमेऱ्यांवर दोन्ही मापं घ्यायची आणि ताडून बघायची. दारातून सुईला खिडकीचा उजेड दिसे, तिला वाटे उजेड रगड आहे, ती भिंगाचं तोंड आवळायला सांगे. गालाजवळ आली की तीच सुई गपकन दोन-तीन घरं खाली यायची. कुठला कॅमेरा किती फसतो आणि का फसतो हे ज्याला सांगता आलं तो पास.

आणि झडप कुणीही पाडायची नाही, म्हणजे फोटोची कळ दाबायची नाही. हा मास्तरांचा सगळ्यांत मोठा नियम. "आधी डोळा, मग सुई, मग डोकं. बोट शेवटी." फिल्म कॅमेऱ्यात असली की माणसाचं डोकं आळशी होतं, असं त्यांचं म्हणणं. फिल्म वसंतात, सहलीला. ज्याचं बोट वर्गात चुकून घसरलं आणि खट्ट असा आवाज आला, त्याने सगळ्यांच्या कपबश्या धुवायच्या. बंबखान्याच्या नळाला तेव्हा बर्फासारखं पाणी यायचं, त्यामुळे बोटं फारशी घसरत नसत.

मावशींना ते बसणं कंटाळवाणं होत असणार. तासभर एकामागून एक पोरं गालाशी येऊन नाक लावून बघतात आणि आकडा लिहून निघून जातात. मग त्या म्हणायच्या, "अरे, एवढं बघताय तर कुणीतरी एकदा दाबा की!" आम्ही हसायचो. मास्तरही हसायचे. दर वर्षी तेच म्हणायच्या आणि दर वर्षी आम्ही तसंच हसायचो.

आता मला त्या हसण्याचा राग येतो, मास्तरांचा तर तेव्हापासून होता. पण त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांना बायकोची किंमत नव्हती असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. उलट झालं होतं. मावशींचं चित्र त्यांना नीट काढायचं होतं. घाईत नाही, सहलीत नाही, सणाच्या गर्दीत नाही. घरातल्या उत्तरेच्या खोलीत, स्वच्छ बर्फाच्या दिवशी, खाली पडलेल्या बर्फाचा उजेड छतावरून परतून मऊ झालेला असताना. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, "मास्तर, काढून टाका की एकदाचं." तर म्हणाले, "रोस्विता, गोठलेल्या ओढ्याचा फोटो चुकला तर पुढच्या वर्षी ओढा असतोच. फ्रीडलचं चित्र चुकवायचं नाहीये मला." आणि दर वर्षी कधी ढग जास्त, कधी मावशींना पडसं, कधी तपासायच्या वह्या. मावशी तयार होऊन बसत, मास्तर माप घेत, मान हलवत, आणि दोघं कॉफी पिऊन उठत. हे मला मावशींनीच सांगितलं होतं, अगदी हसत हसत. खांदा वर नेऊन.

बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या दिवसांत गावातली तरणी पोरं पश्चिमेकडे गेली, मंडळात आम्ही जुनीच खोडं आणि शाळेतली थोडी मुलं उरलो. मास्तर निवृत्त झाले. मावशींची बालवाडी बंद झाली. शनिवार मात्र चालू राहिला. आणि एका नोव्हेंबरात, नाताळसाठी खिडक्यांत मेणबत्त्यांच्या कमानी लावायच्या आधीच, मावशी गेल्या. सकाळी पावावर लोणी लावत होत्या आणि तशाच टेबलावर कलंडल्या.

दफनानंतर सगळे नेहमीप्रमाणे कॉफीला खानावळीत जमले. एगोनने, म्हणजे आमच्या बेकरीवाल्याने, मावशींच्याच पद्धतीने वर लोण्यासाखरेचा चुरा घालून केक केला होता. ताटल्या तशाच भरलेल्या राहिल्या. मास्तर उठून उभे राहिले. आम्हाला वाटलं, आभार मानतील.

ते म्हणाले, "तुमच्यापैकी कुणाकडे फ्रीडलचा फोटो आहे का?"

खोलीत सगळे मंडळातले. सगळ्यांच्या घरी भिंतीवर फोटो, माळ्यावर फोटोंचे डबे. आणि एकाचाही हात वर होईना.

"तुमच्याकडे असतील ना, मास्तर," एगोन म्हणाला.

"लग्नातला आहे. त्यात ती विशीतली आहे. ओळखपत्रावरचा आहे, त्यात ती कुणीच नाही. समुद्रावरचा आहे. त्यात ती वाळूच्या टेकडीखाली एवढीशी उभी आहे. टेकडी केवढी आहे ते कळावं म्हणून मीच उभं केलं होतं."

माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईने हळूच म्हटलं, "मला अजून आठवतं, ढगाळ दिवशी मावशींचा उजवा गाल डाव्यापेक्षा एक घर कमी असायचा." तिचं चुकलं नव्हतं. माझ्याही डोक्यात तोच आकडा आला होता. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात आला असणार. आणि चेहरा कुणाकडेच नव्हता. मला तिथे बसवेना, मी बाहेर जाऊन उभी राहिले.

पुढचे काही आठवडे गावाने डबे उपसले. लोक काय काय घेऊन आले! खाणकामगारांच्या मिरवणुकीचा फोटो, त्यात मास्तरांच्या कॅमेऱ्यावर बर्फ पडू नये म्हणून धरलेली छत्री आणि छत्रीच्या दांड्यावर मावशींचा हात. सहलीतला, त्यात केकचा ट्रे आणि मागे अंबाडा. कुणाच्या तरी लग्नातला, त्यात अर्धा कान. मास्तर प्रत्येक फोटो खिडकीपाशी नेऊन बघायचे, नीट पुसून परत द्यायचे आणि म्हणायचे, "आभारी आहे. उजेड छान पकडलाय." मला वाटायचं, ओरडा एकदा. कुणावर तरी ओरडा.

मग कॉर्डुलाचा फोन आला, टपाल कचेरीत, माझ्याच खिडकीवर. सुताराची मुलगी, मंडळातली हुशार पोर. भिंत पडल्यावर हॅनोव्हरला गेली होती. आईकडून तिला कळलं होतं.

"रोस्विताताई, माझा कॅमेरा आईच्या माळ्यावर आहे. बाईसाहेबांच्या जातीचा. त्यात फिल्म आहे."

"मग?"

"इथल्या माझ्या शेवटच्या मापाच्या धड्याला मी तोच नेला होता. शरदातल्या सहलीची फिल्म आत तशीच राहिली होती, मला आठवणच नव्हती. आणि ताई, त्या दिवशी कपबश्या मी धुतल्या होत्या."

क्षणभर मला अर्थ लागला नाही. मग लागला. मी खिडकीवरची पाटी फिरवली आणि रांगेतल्या लोकांना ताटकळत ठेवून मास्तरांच्या घरी पळत गेले. माझ्या वयाला ते शोभलं नाही.

नाताळच्या आधीच्या शनिवारी कॉर्डुला आली. मास्तरांनी दाढी केली होती, मफलरखाली टाय बांधला होता. घरच्या न्हाणीघरातली फिल्म धुवायची अंधारी खोली त्यांनी आदल्या दिवशीच घासूनपुसून ठेवली होती. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितला. "इतकी वर्षं माळ्यावर, उन्हाळ्याची धग," ते पुटपुटले. "धुरकट होईल. पण येईल. चेहऱ्यावर पुरेसा उजेड पडला असला तर येईल." दार लावून घेतलं. मी आणि कॉर्डुला स्वयंपाकघरात बसलो. मावशींचा ॲप्रन दारामागे तसाच होता.

त्यांनी हाक मारली तेव्हा ओली फिल्म दिव्यासमोर धरून ते उभे होते. सहलीतले डोंगर, गाई, कुणाचा तरी कुत्रा. आणि शेवटी एक चौकोन. मीही एवढी वर्षं हेच केलंय, फिल्मवर उलटं वाचता येतं मला: उजेड तिथे काळा, अंधार कोरा. खिडकी काळीकुट्ट उमटली होती, म्हणजे झकास आली होती. खिडकीच्या चौकटी, जिरेनियमचं पान अन् पान, मागच्या छपरावरचा बर्फ. आणि मधोमध, अंबाड्याच्या आणि खांद्याच्या आकाराची, काचेसारखी कोरी जागा. उजेड तिथे पोचलाच नव्हता. खांदा मात्र वर गेलेला होता.

"दारातलं माप," मास्तर म्हणाले.

कॉर्डुला रडायला लागली. "मी दारातच उभी होते. सुई कड्यात आणली आणि तेवढ्यात मावशी म्हणाल्या, नेहमीचंच, कुणीतरी एकदा दाबा की. म्हणून दाबलं."

"ती थट्टा करायची," मास्तर म्हणाले.

"हो? मला वाटलं, खरंच म्हणतायत."

मास्तरांनी फिल्म चिमट्याने दोरीवर अडकवली. पाठमोरेच राहून विचारलं, "आणि गालाजवळ? गालाजवळ गेलीस तेव्हा?"

कॉर्डुला माझ्याकडे बघायला लागली.

"सांग ना," मास्तर म्हणाले.

"तेव्हा मावशी माझ्याकडेच बघत होत्या. अगदी सरळ. माप बरोबर लागलं होतं, मास्तर, तुम्ही शिकवलेलं. मला पुन्हा दाबायचं होतं."

"मग?"

"तुम्ही माझ्या मागे उभे होतात. पहिल्या आवाजाला ओरडला होतात ना. बोट शेवटी म्हणून."

मास्तर न्हाणीघराच्या टबाच्या कडेवर बसले आणि हातातला टॉवेल घडी करत राहिले, उलगडत राहिले. बाहेर कुणाच्या तरी घरी नाताळची गाणी लावली होती. मला त्यांच्यावर इतकी वर्षं जो राग होता तो त्या मिनिटाला निघून गेला, आणि तो गेल्याचं मला वाईट वाटलं. राग होता तोवर बरं होतं.

त्या चौकोनाचा कागदावर फोटो करायचा त्यांनी महिनाभर प्रयत्न केला. मऊ कागद, कडक कागद, भिंगाखाली हात फिरवून उजेड अडवणं, जे जे येत होतं ते सगळं. कोऱ्या फिल्ममधून काय निघणार? खिडकीत बसलेली एक काळी बाई, अंबाडा, वर गेलेला खांदा. गावातल्या कुणालाही दाखवा, लगेच म्हणेल, मावशी हसतायत. का हसतायत ते आम्हाला ठाऊक होतं. मास्तरांनी तो फोटो मंडळात लावला नाही. घरी, उत्तरेच्या खोलीत लावला.

फेब्रुवारीत बर्फ चांगला साठला. धडा घ्यायचा की नाही हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी नुसती खोली उघडून शेगडी पेटवली. मास्तर आले, तिन्ही कॅमेरे मांडले आणि खिशातून फिल्मच्या डब्या काढून तिन्हींत फिल्म भरली. शाळेची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. खिडकीपाशी खुर्ची होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"रोस्विता," ते म्हणाले, "बसतेस?"

मी बसले. पाठीला खिडकीचा गारठा लागत होता. मावशींनी इतकी वर्षं तो कधी बोलून दाखवला नाही. पहिला मुलगा दारात उभा राहिला, आजोबा हातात, कपाळाला आठ्या घालून सुई वाचत.

"दाब," मास्तर म्हणाले.

"पण मास्तर, माप अजून..."

"माप मग घे. आधी दाब."

खट्ट झालं. मग पुढची मुलगी, मग पुढचा. कुणी दारातून, कुणी मधूनच, कुणी अगदी गालाशी येऊन. मास्तर प्रत्येकाच्या मागे उभे राहून तेच म्हणत होते, आणि एकदाही सुईकडे बघत नव्हते.

ते फोटो मुलांनी मला आणून दिले. काही काळे आलेत, काही पांढरे फटक, काही खरोखर चांगले. चांगल्या फोटोंत माझा चेहरा स्वच्छ दिसतो, प्रत्येक सुरकुती, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. बुटांच्या खोक्यात ठेवलेत मी ते. मी गेल्यावर गावाला माझा चेहरा हवा असेल तर ढीगभर सापडेल. पण माझा चेहरा कोण मागणार आहे?